गोठलेल्या पायांचा पुरावा

कोरियन युद्ध म्हटलं की आपल्याला फार तर शाळेतला तो ३८ वा अक्षांश आठवतो. मला मात्र त्यातली चोसिन तलावाची लढाई तिच्या नंतरच्या पन्नास वर्षांसाठी वाचावीशी वाटते. (तलावाचं कोरियन नाव चांगजिन. अमेरिकनांकडे नकाशे जपानी होते, त्यामुळे जपानी उच्चारच इतिहासाला चिकटला.)

नोव्हेंबर १९५० च्या शेवटी इथे साधारण ३० हजार अमेरिकन आणि मित्रसैनिक चिनी फौजेच्या वेढ्यात सापडले. पारा उणे ३० सेल्सिअसच्या आसपास. सलाइनसारखा द्यायचा प्लाझ्मा गोठलेला, मॉर्फिनच्या ट्यूब मेडिक लोक तोंडात धरून वितळवायचे. पायात रबरी तळाचे बूट. चालताना आत घाम यायचा, आणि थांबलं की तोच घाम गोठायचा. थंडीसाठी दिलेल्या बुटांनीच घात केला! चिन्यांचे हाल तर त्याहून वाईट, कित्येकांच्या पायात नुसते कापडी बूट.

ज्यांची बोटं कापावी लागली त्यांचं नुकसान निदान दिसत तरी होतं. बाकीचे 'बरे' होऊन घरी गेले. पण हिमदंशात बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि नसा दुखावतात, त्या पुन्हा पूर्ण सुधारतीलच असं नाही. मग बधिरपणा, मुंग्या, आग, जरा गार लागलं की कळ. वर तळव्यांना सतत घाम, कारण घामावर ताबा ठेवणाऱ्या नसाही त्यातच गेलेल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सर खराब: एक तर सिग्नलच नाही, नाहीतर सारखा खोटा अलार्म.

आता हे सरकारला पटवायचं कसं? भरपाई मागायची तर तेव्हाचा वैद्यकीय कागद हवा. आणि तंबूत गोळ्या लागलेल्यांची रांग असताना 'पाय बधिर आहेत' हे कोण लिहून घेणार? अनेकांनी तर तक्रारच केली नव्हती, तसेच लढत राहिले.

१९८३ मध्ये या सैनिकांनी 'चोसिन फ्यू' ही संघटना काढली. शेवटी जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेने नियम बदलले. बधिरपणा, घाम, गारठ्याचा त्रास हे सगळं नियमात स्पष्ट लिहिलं गेलं, आणि प्रत्येक हाता-पायाची टक्केवारी वेगळी धरली जाऊ लागली. तोवर विशीतली पोरं सत्तरीला टेकली होती. त्या वयात डायबेटिसनेही पाय बधिर होतात, त्यामुळे तपासणाऱ्या डॉक्टरपुढे नवाच पेच: हा बधिरपणा साखरेचा की चोसिनचा?