हिमप्रदेशांतील मोटार



पुण्याकडे पौष-माघांत पारा आठ-नऊ अंशांवर आला कीं आपण कानटोप्या बाहेर काढतों, आणि सकाळीं मोटार सुरू होण्यास थोडा वेळ लागला तर गारठ्याला बोल लावून मोकळे होतों. परंतु पृथ्वीवर असेहि विस्तीर्ण प्रदेश आहेत कीं जेथें हा पारा शून्याखालीं तीस-चाळीस अंश उतरतो आणि आठवडेच्या आठवडे तेथेंच मुक्काम ठोकतो. तेथें मोटार सुरू करणें ही केवळ किल्ली फिरविण्याची गोष्ट नव्हे. त्यासाठीं आदल्या रात्रीपासून तयारी करावी लागते, आणि ती तयारी चुकली तर प्रसंगीं प्राणाशीं गांठ पडते. या तयारीलाहि एक इतिहास आहे. सनावळ्यांच्या पुस्तकांत तो सहसा येत नाहीं, म्हणूनच आज तो सांगावयाचें मीं योजिलें आहे.

प्रथम, एंजिन थंडीनें अडतें कां, तें पाहूं. एंजिन चालावयास पेट्रोलची वाफ हवेंत मिसळावी लागते व त्या मिश्रणांत ठिणगी पडावी लागते. कडक थंडींत वाफच नीट होत नाहीं. पेट्रोल थेंबाथेंबांनीं सिलिंडरच्या भिंतीवर बसून राहतें. वंगणाचें तेल आधीं मधासारखें आणि मग मेणासारखें घट्ट होतें, त्यामुळें दट्ट्ये हालविण्यास नेहमींपेक्षां कितीतरी अधिक जोर लागतो. हा जोर जिनें पुरवावयाचा त्या बॅटरीची रासायनिक क्रिया नेमकी त्याच वेळीं मंदावलेली असते. शून्याखालीं १८ अंशांवर शिशाच्या बॅटरीची शक्ति जवळजवळ निम्म्यावर येते. गरज दुप्पट आणि मिळकत निम्मी, असा हा संसार! राहतां राहिलें एंजिनभोंवतीं फिरणारें पाणी. पाणी गोठतांना फुगतें व पाण्यानें भरलेली बंद बाटली फोडतें, हें मीं अनेक वर्षें वर्गांत सांगत आलों. मुलें तें पाठहि करीत. शंभर भाग पाण्याचें सुमारें एकशेंनऊ भाग बर्फ होतें, आणि त्या वरच्या नऊ भागांना जागा देतां देतां ओतीव लोखंडाचा ठोकळादेखील तडकतो. ज्या घरची मोटार ही एकच मोठी मिळकत होती, तेथें अशा एका रात्रींत वर्षाची पुंजी भंगून जाई.

फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटार १९०८ सालीं निघाली व थोड्याच वर्षांत ती अमेरिकेच्या उत्तरेकडील शेतकऱ्यांच्या दारीं जाऊन पोंचली. तेथील हिंवाळ्यांत तिची सरबराई एखाद्या बाळंतिणीसारखी करावी लागे. रात्रीं रेडिएटरमधील पाणी सोडून द्यावयाचें. कित्येक जण तेलहि काढून घेत व त्याचा डबा चुलीशेजारीं ठेवीत. सकाळीं तेल आणि पाणी दोन्ही गरम करून पुन्हां ओतावयाचीं, कार्ब्युरेटरकडून एंजिनकडे जाणाऱ्या नळीवर उकळत्या पाण्याचें फडकें गुंडाळावयाचें, आणि मागचें एक चाक जॅकनें उचलून ठेवावयाचें. हें शेवटचें कशासाठीं? तर त्या गाडीच्या गिअरच्या पेटींतील तेल घट्ट झालें म्हणजे गिअर सुटलेला असूनहि एंजिन चाकांस ओढीत राही, आणि एंजिन सुरू होतांच गाडी समोर उभ्या असलेल्या मालकाच्याच अंगावर हळूहळू चाल करून येई!

हँडल मारणें हेंहि धोक्याचेंच काम होतें. ठिणगी वेळेआधीं पडली तर हँडल उलट उसळे व मनगटाचें हाड मोडे. म्हणून जाणते लोक डाव्या हातानें, अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवून, खालून वर असा झटका देत. त्या काळच्या डॉक्टरांना मनगटाचा हा अस्थिभंग इतका परिचित झाला होता कीं त्याला मोटारचालकाचा अस्थिभंग असें नांवच पडलें.

याच सुमारास मोटारीनें थेट दक्षिण ध्रुवप्रदेशावर स्वारी केली. शॅकल्टन यानें १९०७ ते १९०९ च्या आपल्या मोहिमेंत एक अ‍ॅरल-जॉन्स्टन मोटार नेली होती. तिचें एंजिन हवेनें थंड होणारें होतें, म्हणजे गोठावयास त्यांत पाणीच नव्हतें. वाया जाणारी ऊष्णताहि कामीं लावलेली होती. धूर जाण्याच्या मार्गावर चालकाचे पाय शेकण्याची एक व बर्फ वितळविण्याची दुसरी अशी योजना केली होती. गोठलेल्या समुद्राच्या कठीण पृष्ठावर ही गाडी उपयोगीं पडली. मऊ हिमांत मात्र तिचीं चाकें रुतून बसत. त्या गाडीची व्यवस्था पाहणारा बर्नार्ड डे हाच पुढें कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेंतहि होता. स्कॉटनें चाकांऐवजीं पट्ट्यांवर चालणाऱ्या तीन मोटार-घसरगाड्या नेल्या. त्यांपैकीं एक जानेवारी १९११ मध्यें जहाजांतून उतरवितांना बर्फ फुटून समुद्रांत गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ रोजीं दक्षिणेकडे निघाल्या आणि सुमारें आठवड्याभरांत बंद पडल्या. त्या ज्या कारणानें बंद पडल्या तें ऐकून नवल वाटेल. सभोंवार हाडें गोठविणारी थंडी असतां त्यांचे सिलिंडर अतिशय तापत होते! ते निवावेत म्हणून वाटेंत पुनः पुन्हां थांबावें लागे, आणि थांबलें कीं एंजिन इतकें गार होई कीं तें पुन्हां सुरू करतां करतां पुरेवाट होई. अखेर दट्ट्याच्या दांड्याचे धारवे फुटले. बरोबरच्या चौघांनीं त्या गाड्या तेथेंच टाकल्या आणि सामान आपल्या खांद्यांनीं ओढीत ते पुढें निघाले. स्कॉट व त्याचे चार सोबती ध्रुवाहून परततांना मृत्यु पावले, हें सर्वश्रुत आहे. त्या शोकांतिकेचें खापर एकट्या या यंत्रांवर फोडणें योग्य होणार नाहीं. तथापि ज्या आधारावर ओझ्यांची मूळ आंखणी झाली होती त्यांतला एक खांब पहिल्याच आठवड्यांत कोसळला, हें खरें.

हँडलच्या जाचांतून माणसाची सुटका केली ती डेटन शहरांतील चार्ल्स केटरिंग यानें. त्यापूर्वी त्यानें दुकानांतील पैशांच्या यंत्राला एक छोटी विजेची मोटर बसविली होती, आणि त्या कामांतूनच त्याला एक मर्म कळलें होतें. क्षणभरच काम करावयाचें असेल तर लहान मोटरलाहि तिच्या बेताबाहेरचें ओझें पेलतें. हीच युक्ति त्यानें एंजिनला लावली, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत विजेचा स्टार्टर आला. स्त्रियांना मोटार चालविणें त्यामुळें सुलभ झालें, असें म्हणतात तें यथार्थच आहे. पण थंडी कांहीं या शोधानें हटली नाहीं. तिनें केवळ मनगट सोडून बॅटरी धरली. म्हणूनच त्यानंतर कित्येक दशकें गाडीबरोबर हँडल देण्याची चाल राहिली. आपल्याकडील जीप व अ‍ॅम्बॅसडर गाड्यांचें हँडल अनेकांनीं पाहिलें असेल, मारलेंहि असेल.

पाणी गोठूं नये म्हणून लोकांनीं काय काय त्यांत घालून पाहिलें! क्षार घातले, त्यांनीं धातु खाल्ला. मध घातला, ग्लिसरिन घातलें. मद्यार्क घातला, पण एंजिन तापलें कीं तो उडून जाई व पुन्हां ओतावा लागे. शेवटीं एथिलीन ग्लायकॉल हें द्रव्य विजयी झालें. वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच तयार केलें होतें. मोटारीसाठीं तें अमेरिकेंत १९२७ पासून बाजारांत आलें. यांतील मौज अशी कीं शुद्ध ग्लायकॉल शून्याखालीं सुमारें १३ अंशांवर गोठतें आणि पाणी तर शून्यावरच. परंतु दोन्ही समभाग मिसळलीं म्हणजे तें मिश्रण शून्याखालीं ३५ अंशांपर्यंतहि द्रव राहतें. मात्र हें द्रव्य चवीला गोड आणि पोटांत गेल्यास घातक आहे, म्हणून त्याचा डबा मुलाबाळांपासून दूर ठेवावा लागतो.

आतां १९४१ सालाकडे वळूं. जर्मन सैन्यानें ऑक्टोबरमध्यें मॉस्कोवर चाल केली तेव्हां युद्ध हिंवाळ्यापूर्वीच संपेल असा त्याच्या सेनापतींचा हिशेब होता. डिसेंबरच्या आरंभीं पारा शून्याखालीं तीस अंशांच्याहि खालीं गेला आणि तो हिशेब चुकला. रणगाड्यांतील तेल थिजलें. सैनिक एंजिनच्या पोटाखालीं आगट्या पेटवूं लागले, किंवा रात्रभर थोड्या-थोड्या वेळानें एंजिनें चालवूं लागले. यामुळें आधींच अपुरें असलेलें पेट्रोल उभ्या गाड्यांतच जळून जाई. ५ डिसेंबरपासून सोव्हिएट सैन्यानें प्रतिहल्ला सुरू केला. रशियाला थंडीनें वांचविलें असें कित्येक जण सरसकट म्हणतात. मला तें पटत नाहीं. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. फरक होता तो पूर्वतयारीचा. रशियन टी-३४ रणगाड्यांत विजेच्या स्टार्टरखेरीज दाबलेल्या हवेनें एंजिन सुरू करण्याची सोय होती, आणि गरम पाणी व गरम तेल ओतण्याची रीत त्यांच्या चालकांच्या अंगवळणीं पडलेली होती. जर्मनांनीं पुढें धडा घेतला. एका रणगाड्याचें एंजिन कसेंबसें सुरू करून त्याचें गरम पाणी नळीनें शेजारच्या रणगाड्यांत सोडावयाचें व मग तो सुरू करावयाचा, अशी योजना त्यांनीं काढली. आपण दिव्यानें दिवा लावतों तशांतलाच हा प्रकार. पण पहिला दिवा लावण्यास उशीर झाला होता.

त्याच हिंवाळ्यांत उत्तरेस लेनिनग्राड शहर ८ सप्टेंबरपासून वेढलें गेलें होतें. २० नोव्हेंबरपासून तेथील कित्येक नागरिकांना दिवसास १२५ ग्रॅम, म्हणजे आपल्या दोन लहान भाकऱ्यांहूनहि कमी, पाव मिळूं लागला, आणि तोहि भेसळीचा. शहराला अन्न पोंचविण्याचा एकच मार्ग उरला होता, तो गोठलेल्या लॅडोगा सरोवरावरून. २२ नोव्हेंबर १९४१ रोजीं मालमोटारींचा पहिला तांडा त्या बर्फावरून गेला. त्या गाड्या दीड टनी होत्या, आणि गंमत अशी कीं त्या फोर्डच्याच नमुन्यावरून रशियांत बनविलेल्या होत्या; मिनेसोटांतील शेतकऱ्याच्या मोटारीच्या त्या चुलत बहिणीच म्हणाना. बर्फ पातळ असल्यानें आरंभीं त्यांवर पुरतें ओझेंहि लादतां येत नसे. बर्फ फुटलें तर उडी मारतां यावी म्हणून चालक दार उघडें ठेवून गाडी हांकीत. शून्याखालीं वीस-तीस अंशांच्या वाऱ्यांत उघड्या दारानें तीस किलोमीटर जाणें म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी! कित्येक गाड्या बुडाल्या, कित्येक विमानांच्या माऱ्यांत सांपडल्या. अशा वाटेवर एंजिन बंद पडणें म्हणजे आपणहि गोठणें आणि मागच्यांचीहि वाट अडविणें. तरीहि २४ एप्रिल १९४२ पर्यंत, बर्फ वितळून चाकांवर पाणी उडूं लागलें तोंवर, हा मार्ग चालू राहिला. साडेतीन लाखांहून अधिक टन सामान त्यानें आंत गेलें व पांच लाखांहून अधिक माणसें बाहेर आलीं. शहरांत लाखों लोक उपासमारीनें मेले. हा रस्ता नसता तर त्या मृतांची गणती कोठें गेली असती कोण जाणे.

कॅनडाच्या उत्तरेकडे विमानें नेणाऱ्या वैमानिकांची कथाहि अशीच कष्टाची आहे. रात्रीं उतरल्याबरोबर एंजिनचें तेल गरम असतांनाच काढून घ्यावयाचें व झोपडींत शेकोटीजवळ ठेवावयाचें; पहांटे एंजिनवर कापडाचा तंबू टाकून त्याखालीं धगधगती शेगडी धरून बसावयाचें. विमान पेट्रोलनें भरलेलें, वर कापड, खालीं आग! हातांत भांडें घेऊन डोळ्यांत तेल घालून राखण करावी लागे. पुढें एक सोपी युक्ति निघाली. एंजिन बंद करण्यापूर्वी वंगणांतच थोडें पेट्रोल सोडावयाचें. तेल पातळ राही, आणि सकाळीं एंजिन तापलें कीं पेट्रोल उडून जाई.

घरगुती मोटारीला खरा आराम दिला तो मात्र एका साध्या उपकरणानें. उत्तर डाकोटांतील ग्रँड फॉर्क्स येथील अँड्र्यू फ्रीमन यानें एंजिनच्या डोक्यावरील बोल्टाच्या जागीं बसणारी विजेची तापक कांडी तयार केली, व १९४९ सालीं तिचें पेटंट त्यास मिळालें. गांवोगांव वीज पोंचविणाऱ्या सहकारी संस्थांचें काम करणारा हा गृहस्थ. तेव्हां शेतकऱ्याच्या घरीं आलेली वीज रात्रीं त्याच्या मोटारीलाहि ऊब देईल हें त्याला सुचावें, यांत आश्चर्य नाहीं. विनिपेग किंवा फेअरबँक्स येथें आजहि मोटारीच्या तोंडांतून विजेची एक तार लोंबतांना दिसते, आणि गाड्या उभ्या करण्याच्या जागीं त्यांसाठीं विजेचे खांब असतात. १९५० नंतरच्या दशकांत थंडींत पातळ राहणारीं व तापल्यावर फार न पातळणारीं तेलें आलीं. त्यानंतर कार्ब्युरेटर गेला व पेट्रोलची मात्रा स्वयंचलित यंत्र ठरवूं लागलें. त्यामुळें सकाळीं पंधरा-वीस मिनिटें एंजिन जागच्या जागीं फिरवीत ठेवण्याची जुनी चाल आतां निरुपयोगी, किंबहुना अपायकारक ठरली आहे. न जळलेलें पेट्रोल सिलिंडरवरचें वंगण धुऊन काढतें. अर्धा-एक मिनिट थांबावें व गाडी सावकाश हांकावी, हें बरें. बंद गॅरेजमध्यें एंजिन तापविण्याची चाल तर पहिल्यापासूनच जीवघेणी होती. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. थंडीच्या भयानें दार लावून घेतलेल्या कितीतरी माणसांना त्यानें बसल्या जागींच निजविलें. आतां विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांना धूर नाहीं, पण निघण्यापूर्वी त्यांचीहि बॅटरी ऊबवावी लागते. थंडी आपला कर सोडीत नाहीं.

हें सर्व परमुलखाचें झालें. आपल्या देशांतहि लडाख आहे, आणि द्रासचा हिंवाळा सैबेरियाची आठवण करून देणारा आहे. तेथें पेट्रोलपेक्षां डिझेलची अडचण मोठी, कारण त्यांतील मेण थिजून तें नळ्यांत व गाळणींत अडकतें. मालमोटारींचे चालक डिझेलमध्यें रॉकेल मिसळीत, किंवा भल्या पहांटे टाकीखालीं स्टोव्ह पेटवून बसत. १७ नोव्हेंबर २०१९ रोजीं इंडियन ऑइलनें लडाखसाठीं हिंवाळी डिझेल बाजारांत आणलें. तें शून्याखालीं ३३ अंशांपर्यंत वाहतें राहतें.