स्त्रियांचे उच्च शिक्षण : आंतरराष्ट्रीय मापन

एखाद्या देशातील किती स्त्रिया उच्च शिक्षणात प्रवेश करतात आणि किती जणी ते पूर्ण करतात, हे इतर देशांशी तुलना करता येईल अशा रीतीने मोजण्याची पद्धती. त्यासाठी सकल नोंदणी गुणोत्तर, शिक्षण पूर्ण केलेल्या प्रौढांचे प्रमाण आणि लिंगभाव समानता निर्देशांक ही तीन मापे मुख्यतः वापरली जातात. प्रत्येक मापाचा प्रश्न वेगळा असल्यामुळे एकाच आकड्यावरून स्त्रियांच्या प्रगतीचा निवाडा करता येत नाही.

वर्गीकरण : पदव्यांची नावे व कालावधी देशागणिक बदलतात. म्हणून युनेस्कोने १९७० च्या दशकात शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण वर्गीकरण तयार केले. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत ० ते ८ असे नऊ स्तर असून अल्पमुदतीचे अभ्यासक्रम, पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट हे ५ ते ८ क्रमांकांचे स्तर उच्च शिक्षणात मोडतात.

नोंदणी : उच्च शिक्षण घेणाऱ्या सर्व वयांच्या विद्यार्थिनींच्या संख्येला त्या शिक्षणासाठी ठरवलेल्या वयोगटातील स्त्रियांच्या संख्येने भागून १०० ने गुणले, की स्त्रियांचे सकल नोंदणी गुणोत्तर मिळते. अंशात वयाची अट नसल्याने ते १०० च्या वरही जाते. ग्रीसमध्ये तसे झाले आहे. युनेस्को माध्यमिक शिक्षणानंतरचा पाच वर्षांचा वयोगट धरते, तर भारत १८ ते २३ हा गट धरतो. त्यामुळे भारताने जाहीर केलेला आकडा युनेस्कोच्या आकड्याशेजारी जसाच्या तसा ठेवता येत नाही.

पूर्णता : नोंदणी म्हणजे पदवी नव्हे. मूळच्या नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. पुढे ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन १८९२ मध्ये त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले ते १९२० मध्ये. नोंदणीच्या हिशेबात त्या दिसल्या असत्या, ऑक्सफर्डच्या पदवीच्या हिशेबात मात्र किमान २८ वर्षे दिसल्या नसत्या. हे अंतर टिपण्यासाठी जनगणना व कुटुंब सर्वेक्षणांतून २५ ते ३४ किंवा २५ ते ६४ वयोगटांतील किती व्यक्तींनी शिक्षण पूर्ण केले, हे पाहिले जाते. रॉबर्ट बॅरो व जाँग-व्हा ली या अर्थशास्त्रज्ञांनी १९५० पासूनची अशी देशवार आकडेवारी संकलित केली आहे. २५ ते ६४ या विस्तृत गटात जुन्या पिढ्यांना नाकारलेल्या संधीही मोजल्या जातात, म्हणून अलीकडचा बदल तरुण गटात आधी दिसतो.

समानता निर्देशांक : स्त्रियांच्या गुणोत्तराला पुरुषांच्या गुणोत्तराने भागून हा निर्देशांक काढतात. ०.९७ ते १.०३ या दरम्यानचे मूल्य समानता दर्शवते. २००० मध्ये जगभरात स्त्री-पुरुष दोघांचेही नोंदणी गुणोत्तर सुमारे १९ होते. २०१८ पर्यंत स्त्रियांचे ४१, तर पुरुषांचे ३६ झाले. ही वाढ सर्वत्र सारखी नाही. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत स्त्रिया अजून मागे आहेत, तर अफगाणिस्तानात डिसेंबर २०२२ मध्ये तालिबान राजवटीने त्यांच्यासाठी विद्यापीठांचे दरवाजेच बंद केले.

छेदाचा प्रश्न : कतारमध्ये परदेशांतून आलेल्या तरुण कामगारांमुळे पुरुषांच्या गुणोत्तराचा छेद फुगतो आणि स्त्रियांचे गुणोत्तर पुरुषांच्या कित्येक पट दिसते. भारतातील प्रश्न याहून गंभीर आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी विद्यार्थिनी २.०७ कोटी, म्हणजे सुमारे ४८ टक्के होत्या. तरीही स्त्रियांचे गुणोत्तर २८.५ आणि पुरुषांचे २८.३ आले, कारण त्या वयोगटात मुलीच कमी आहेत. गर्भलिंगनिदानामुळे जन्मालाच न आलेल्या मुली छेदातून वगळल्या जातात आणि निर्देशांक १.०१ दाखवतो.

मर्यादा : या मापांतून विद्याशाखा, शिक्षणाचा दर्जा व त्यानंतरचा रोजगार कळत नाही. भारतात अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांत विद्यार्थिनी एक-तृतीयांशाहून कमी आहेत, तर जगातील संशोधकांत स्त्रियांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश आहे. जागतिक आर्थिक मंच २००६ पासून प्रसिद्ध करत असलेल्या लिंगभेद अहवालात स्त्रियांचे पुरुषांशी गुणोत्तर १ वर पोहोचले, की पूर्ण गुण मिळतात. त्यापुढील फरक गुणांत उमटत नाही.

म्हणून नोंदणी, पूर्णता व विद्याशाखा यांचे आकडे एकत्र वाचावेत आणि प्रत्येक गुणोत्तराचा छेद तपासावा. निर्देशांक १ झाला म्हणजे स्त्रियांना समान संधी मिळाली, असे मानणे चुकीचे आहे.