वैमानिकाची नजर आणि यंत्राची पोंच

इ. स. १९१४ च्या जून महिन्यांत पॅरिसजवळ सीन नदीच्या कांठीं जमलेल्या लोकांनीं एक विलक्षण दृश्य पाहिलें. लॉरेन्स स्पेरी हा अमेरिकन तरुण त्यांच्या समोरून विमान नेत होता, पण त्याचे दोन्ही हात वर, अगदीं मोकळे होते. त्याचा फ्रेंच साथीदार तर उडत्या विमानाच्या पंखावर जाऊन उभा राहिला. त्याच्या भारानें विमान कलंडावयाचें. परंतु आंत बसविलेल्या जायरोस्कोपनें, म्हणजे वेगानें फिरणाऱ्या चक्रांच्या यंत्रानें, तोल तत्काळ सांवरला. विमान यंत्राच्या हवालीं करतां येतें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें. वैमानिकाचे हात मोकळे झाले. पण त्याचे डोळे मोकळे झाले काय?

डोळा कोठें पाहतो हें मोजण्याची विद्या तेव्हां बाल्यावस्थेंतच होती. वाचतांना नजर ओळीवरून पाण्यासारखी सरळ वाहत जाते, अशी सामान्य समजूत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमिल जाव्हाल यांच्या पॅरिस येथील प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं, नजर वाहत नाहीं. ती टप्प्याटप्प्यानें उडी घेते व प्रत्येक टप्प्यावर क्षणभर थांबते. पुढें १९०१ सालीं अमेरिकेंत डॉज व क्लाइन यांनीं बुबुळावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण सरकत्या काचेवर टिपून नजरेचें छायाचित्र घेतलें.

या विद्येचा आणि विमानविद्येचा योग दुसऱ्या महायुद्धानंतर आला. ओहायो संस्थानांतील डेटन शहराजवळ अमेरिकन वायुदलाच्या प्रयोगशाळेंत पॉल फिट्स व त्यांचे सहकारी यांनीं, केवळ उपकरणांच्या आधारें विमान उतरविणाऱ्या ४० वैमानिकांच्या डोळ्यांचें चलच्चित्र घेतलें. १९५० सालीं त्यांनीं मांडलेला हिशेब मोठा सुटसुटीत होता. ज्या तबकडीकडे नजर वारंवार जाते, ती महत्त्वाची. जिच्यावर ती रेंगाळते, ती वाचावयास अवघड. आणि ज्या दोन तबकड्यांमध्यें नजरेची ये-जा फार, त्या एकमेकींच्या शेजारीं असाव्यात. चुकीचा दोष वैमानिकाच्या माथीं मारण्यापूर्वीं मांडणीची तपासणी करावी, हा न्याय येथें रूढ झाला.

मात्र पुढें यंत्रें अधिक हुशार झालीं, तसा प्रश्नच पालटला. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्रीं ईस्टर्न कंपनीचें ट्रायस्टार विमान अमेरिकेंतील मायामी येथें उतरत असतां पुढचें चाक खालीं आल्याचा दिवा लागला नाहीं. वैमानिकांनीं विमान २,००० फुटांवर यंत्राच्या स्वाधीन केलें आणि सारे जण त्या दिव्याच्या मागें लागले. या गडबडींत सुकाणूच्या दांड्याला नकळत धक्का लागला असावा. यंत्रानें उंची राखण्याचें काम निमूटपणें सोडून दिलें. विमान हळूहळू खालीं येऊं लागलें. उंची ढळल्याचा मंद सूर वाजला. ध्वनिमुद्रणांत तो ऐकूं येतो, परंतु त्याबद्दल कोणी एक अक्षर बोलल्याचें ऐकूं येत नाहीं. एव्हरग्लेड्सच्या दलदलींत विमान कोसळलें आणि १७६ पैकीं १०१ माणसें प्राणांस मुकलीं. चाक खालीं आलेलेंच होतें. जळाला होता तो केवळ दिवा.

त्यानंतरच्या विमानांत तबकड्यांच्या जागीं पडदे आले, व यंत्राच्या काम करण्याच्या रीती, ज्यांना वैमानिक ‘मोड’ म्हणतात, पुष्कळ वाढल्या. २० जानेवारी १९९२ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबर्गजवळ एक एअरबस ए-३२० विमान डोंगरावर आदळलें व ९६ पैकीं ८७ जण दगावले. चौकशींत जी शक्यता प्रामुख्यानें पुढें आली ती विचार करावयास लावणारी आहे. त्या विमानांत उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग हे दोन्ही एकाच खुंटीनें ठरवावयाचे व एकाच खिडकींत वाचावयाचे असत. वैमानिकांस ३.३ अंशांचा कोन हवा होता. पण मोड दुसरा असल्यामुळें यंत्रानें तोच आंकडा मिनिटास ३,३०० फूट असा मानला असावा. आंकडा तोच, पण वेग जवळजवळ चौपट!

आतां कोणता मोड चालू आहे, हें पडद्याच्या माथ्यावर लिहिलेलें असतें. मोड बदलला कीं त्या शब्दाभोंवतीं दहा सेकंद चौकटही उमटते. मग वैमानिकांस तें दिसत कां नाहीं? सार्टर, मुमॉ व विकेन्स या संशोधकांनीं बोइंग ७४७-४०० चालविणारे २० अनुभवी वैमानिक जमिनीवरील कृत्रिम विमानांत बसविले आणि त्यांच्या नजरेचा माग घेतला. २००७ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : वेग, उंची व दिशा यांवर वैमानिकांचें लक्ष भरपूर असतें, मोडच्या शब्दांकडे त्या मानानें फारच कमी. यंत्रानें आपण होऊन केलेला बदल अनेकदां त्यांच्या ध्यानांतच येत नाहीं. कित्येकदां तो शब्द पाहूनही त्याचा परिणाम काय होणार, याचा उलगडा त्यांस होत नाहीं.

येथूनच एक नवी कल्पना निघाली. आजचीं नजर टिपणारीं साधनें डोळ्यावर अदृश्य अवरक्त प्रकाश टाकून, बाहुली आणि बुबुळावरील प्रकाशबिंदु यांवरून नजरेची दिशा क्षणाक्षणास काढतात. मग मोड बदलल्यावर वैमानिकाची नजर तेथें गेली कीं नाहीं, हें यंत्रानेंच कां पाहूं नये? गेली असेल तर गप्प बसावें. गेली नसेल तर शब्द ठळक करावा, आणि तरीही न गेल्यास आवाज द्यावा. जो इशारा ऊठसूट वाजतो त्याची माणसाला संवय होऊन तो ऐकूंच येईनासा होतो. गरजेपुरताच वाजणारा इशारा मात्र ऐकला जाण्याचा संभव अधिक.

तथापि या उपायाची मर्यादाही त्याच प्रयोगानें दाखविली आहे. नजर पोंचली म्हणजे अर्थ पोंचला असें नव्हे. डोळा शब्दावर टेकलेला असतो आणि मन त्या न लागलेल्या दिव्यापाशीं असतें. म्हणून नजरेचा माग घेणारें साधन मोडांची गुंतागुंत कमी करण्याच्या किंवा वैमानिकांस तिचें पुरतें शिक्षण देण्याच्या कामास पर्याय होऊं शकत नाहीं. तरीही त्याचें मोल थोडें नाहीं. १९७२ सालच्या त्या रात्रीं यंत्रानें आपला निरोप एका सुरांत उरकला आणि तें मोकळें झालें. निरोप देणाऱ्यानें पोंच घेतल्याखेरीज आपलें काम संपलें असें मानूं नये, हा साधा व्यवहार आतां कोठें यंत्रांस शिकविला जात आहे.