उंची थोडी, धोका मोठा



रायगडाच्या पायथ्याशी छत्री निजामपूर नावाचे गाव आहे. आख्यायिका अशी की, महाराज टकमक टोकावर उभे असता त्यांच्यावर छत्र धरणारा सेवक सोसाट्याच्या वाऱ्याने उचलला गेला. परंतु त्याने दांडा सोडला नाही व तो तरंगत निजामपुरास सुखरूप उतरला. या कथेस ऐतिहासिक पुरावा नाही. तथापि तिच्यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत: छत्री आधीच उघडलेली होती आणि कडा उंच होता.

फ्रान्समध्ये लनोरमाँ याने १७८३ साली माँपेलिए येथील वेधशाळेच्या मनोऱ्यावरून उडी घेतली, तीही उघड्या छत्रीनिशी. पुढे छत्री घडी घालून अंगावर वागविण्याची कल्पना आली व प्रश्न बदलला. पॅरिसचा शिंपी फ्रान्झ रायशेल्ट याने हवाई छत्रीचा अंगरखा शिवला. आधीचे प्रयोग फसले ते उंची अपुरी पडल्यामुळे, अशी त्याची समजूत होती. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याने आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या सज्जावरून, ५७ मीटरांवरून, स्वतःच उडी घेतली. छत्री नीट उघडली नाही व तो जागीच गतप्राण झाला.

गणित सोपे आहे. हवेचा अडथळा सोडला, तर ५७ मीटर पडावयास साडेतीन सेकंदही लागत नाहीत व अखेरचा वेग ताशी १२० किलोमीटर होतो. छत्री उघडण्यास अवकाश मिळतो तो एवढाच. विमानातून उडी घेणाऱ्याजवळ दुसरी, राखीव छत्री असते. येथे ती उघडण्यास वेळच नसतो. शिवाय पहिल्या दोन-तीन सेकंदांत वेग अल्प असल्याने हवा अंगाला पुरेसा आधार देत नाही. पाय वाकडा पडला, तर शरीर सावरता येत नाही.

इमारत, मनोरा, पूल व कडा यांवरून अशा उड्या घेण्याच्या खेळास आज ‘बेस जंपिंग’ म्हणतात. त्याचा अध्वर्यू कार्ल बेनिश १९८४ साली नॉर्वेच्या कड्यावरच मृत्यू पावला. नॉर्वेच्याच क्येराग कड्यावर १९९५ ते २००५ या काळात २०,८५० उड्या झाल्या व ९ माणसे दगावली. तो कडा तर सुमारे १००० मीटर उंच आहे!

आता आपल्या गोव्याच्या उत्तर सीमेवरील तेरेखोल घ्या. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. त्याच्या तटावरून खाली पाहता खोली बेताची वाटते आणि एखाद्या धाडसी तरुणास वाटावे की, आरंभ करावयाचा तर अशाच ठेंगण्या जागी करावा. नेमका येथेच घात आहे. पोहणे उथळ पाण्यात शिकावे, हे खरे. पण हवाई छत्रीच्या बाबतीत उंची हाच अवधी आणि अवधी हेच रक्षण. त्यातून समुद्रावरील वारा किनाऱ्याकडे वाहू लागला, म्हणजे उघडलेली छत्रीही माणसाला मागे खडकाकडे लोटते.

म्हणून जाणते लोक नवशिक्यास सांगतात: प्रथम विमानातून सुमारे २०० उड्या घे, छत्रीची घडी जाणकारांच्या देखरेखीखाली घालावयास शीक, मग कड्यावरून नव्हे, तर मागे भिंत नसलेल्या उंच पुलावरून आरंभ कर, आणि वारा फिरला, तर आल्या वाटेने पायी परत जा.

परत फिरणाऱ्यास भित्रा म्हणण्याची आपली सवय मात्र सोडली पाहिजे. रायशेल्टला त्या दिवशी मित्रांनी परोपरीने विनविले होते. तो थांबता, तर त्याला फार तर दोन दिवस हसले असते.