तुटलेला दात आणि दुखावलेला मेंदू

यवतमाळच्या बाजारात मारामारी झाली, असे समजू. एकाचा दात तुटला. दुसऱ्याच्या डोक्यात काठी बसून क्षणभर शुद्ध हरपली. हाड मात्र शाबूत. कायद्याच्या लेखी मोठी इजा कोणाची?

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ‘जबर दुखापती’चे आठ प्रकार सांगितले. त्यांत डोळा, कान, सांधा, हाड आणि दातही आहे. मेंदूचे नाव नाही. यात नवल नाही. कवटी न फुटता आतला मेंदू दुखावला, हे जिवंत माणसात दाखवण्याचे साधनच तेव्हा नव्हते.

मेंदू मऊ असतो. तडाख्याने तो कवटीत हिंदकळतो आणि त्यातील बारीक तंतू ताणले जातात. १९२८ मध्ये अमेरिकेत हॅरिसन मार्टलँड यांनी वारंवार ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांतील मेंदूविकाराचे वर्णन केले. घरात मार खाणाऱ्या एका स्त्रीच्या मेंदूतही तसेच बदल आढळल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, ते १९९० साली!

दरम्यान १९७१ मध्ये सीटी स्कॅन आला. १९७४ मध्ये ग्लासगोच्या दोन शल्यविशारदांनी शुद्ध मोजण्यासाठी श्रेणी दिली; ती आज ३ ते १५ गुणांची आहे. पण पूर्ण १५ गुण आणि निर्दोष स्कॅन असूनही डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड कित्येक आठवडे टिकू शकते. ती कळते विचारल्यावरच: डोक्याला मार लागला का? गळा आवळला का? शुद्ध हरपली का? मधले काही आठवत नाही का?

रुग्णालयात असे विचारणे शक्य आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले. घरी मारहाण होणाऱ्या स्त्रीला उपचारांच्याच ठिकाणी आधार मिळावा, हा त्यामागचा विचार.

कायद्यातही वाट आहे. वीस दिवस नित्याची कामे करता आली नाहीत, तर ती जबर दुखापत, असे जुनी संहिता म्हणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ही मुदत पंधरा दिवस आहे. पण जखमांची नोंद होते पहिल्या दिवशी. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या खेड्यातली बाई पुन्हा तपासणीला यायची, तर ‘त्रास राहिला तर परत या’ असे कोणीतरी तिला सांगायला हवे, आणि तिचे उत्तर कागदावर उतरायला हवे.

नाहीतर जबाबात तिचा क्रम चुकतो, तारीख आठवत नाही आणि ऐकणारा म्हणतो, ‘खोटे बोलते.’ तो विसर हीच कदाचित तिची जखम असेल.