ग्रहनिरीक्षणातील प्रकाशगाळणी

ग्रहनिरीक्षणातील प्रकाशगाळणी किंवा फिल्टर म्हणजे दुर्बिणीतून ग्रह पाहताना अथवा त्यांचे छायाचित्र घेताना प्रकाशाच्या मार्गात बसवलेली, ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पुढे जाऊ देणारी व उरलेला अडवणारी काच होय. ती नेत्रिकेच्या खालच्या टोकाला किंवा कॅमेऱ्यापुढे आट्यांनी बसवतात. १.२५ इंच आणि २ इंच ही तिची प्रचलित मापे आहेत. गाळणी प्रकाशात कोणतीही भर घालत नाही, त्यात केवळ घट करते. म्हणून तिची निवड करताना ग्रहाचा कोणता तपशील पाहायचा आहे आणि आपल्या दुर्बिणीत किती प्रकाश गोळा होतो, या दोन गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

तत्त्व

ग्रहाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या रंगांचा प्रकाश कमी-अधिक प्रमाणात परावर्तित करतात. एखाद्या भागाच्या रंगाशी जुळणारी गाळणी वापरली असता तो भाग उजळ दिसतो, तर विरोधी रंगाची गाळणी वापरली असता तो गडद होतो. या फरकामुळे शेजारच्या दोन भागांमधला उठाव वाढतो आणि साध्या प्रकाशात पुसट दिसणारी सीमा स्पष्ट होते. मंगळावरील तांबूस वाळवंटी प्रदेश तांबड्या प्रकाशात तेजस्वी दिसतात आणि सिर्टिस मेजरसारखे गडद प्रदेश त्यांच्यापासून सहज वेगळे ओळखू येतात. निळ्या प्रकाशात मात्र दोन्ही प्रदेश जवळपास सारखेच अंधारे असल्याने हा भेद मावळतो.

पृथ्वीच्या वातावरणाचा परिणामही यात महत्त्वाचा ठरतो. हवेच्या रेणूंमुळे होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशापेक्षा सुमारे चौपट अधिक विखुरतो. हवेच्या हालचालीने होणारी प्रतिमेची थरथरही तांबड्या व अवरक्त प्रकाशात कमी जाणवते. मात्र तरंगलांबी जितकी मोठी, तितकी दुर्बिणीची विभेदनक्षमता कमी होते. स्थिर प्रतिमा मिळवण्यासाठी सूक्ष्म तपशिलाचा काही अंश सोडावा लागतो.

इतिहास

रशियातील पुल्कोवो वेधशाळेत गावरील तिखोव यांनी १९०९ साली रंगीत गाळण्या वापरून मंगळाची छायाचित्रे घेतली. अमेरिकेतील लिक वेधशाळेत विल्यम राइट यांनी १९२४ च्या प्रतियुतीच्या वेळी मंगळाचे अतिनील आणि अवरक्त प्रकाशात छायाचित्रण केले. अवरक्त प्रतिमांत पृष्ठभागाच्या खुणा स्पष्ट उमटल्या, तर अतिनील प्रतिमांत त्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या.

शुक्राच्या बाबतीत गाळणीचे योगदान अधिक मोठे आहे. साध्या प्रकाशात शुक्राचे बिंब जवळपास कोरे दिसते. फ्रँक रॉस यांनी १९२७ साली माउंट विल्सन वेधशाळेतून घेतलेल्या अतिनील छायाचित्रांत त्याच्या ढगांवरील गडद आकृत्या प्रथम ठळकपणे दिसल्या. पुढे १९५७ साली ब्राझाव्हिल येथे राहणारे फ्रेंच हौशी निरीक्षक चार्ल्स बॉयर यांना अशाच छायाचित्रांत या आकृत्या सुमारे चार दिवसांनी परत येताना आढळल्या. शुक्र स्वतःभोवतीच्या एका फेरीला सुमारे २४३ दिवस घेतो. त्याच्या वरच्या थरातील ढग मात्र चार दिवसांत ग्रहाला वळसा घालतात, असा याचा अर्थ होता. १९७४ साली शुक्राजवळून गेलेल्या मरिनर १० यानाच्या अतिनील छायाचित्रांनी या निष्कर्षाला पुष्टी दिली.

क्रमांक आणि प्रकाशाचे प्रमाण

रंगीत गाळण्या रॅटन क्रमांकांनी ओळखल्या जातात. हे नाव फ्रेडरिक रॅटन या इंग्रज उद्योजकावरून पडले. त्यांची कंपनी १९१२ साली ईस्टमन कोडॅकने विकत घेतली. मूळच्या छायाचित्रणातील हे क्रमांक खगोलनिरीक्षणातही रूढ झाले. प्रमुख गाळण्या आणि त्यांतून पार जाणाऱ्या प्रकाशाचे सर्वसाधारण प्रमाण पुढीलप्रमाणे आहे :

क्रमांक ८, फिकट पिवळी : ८३ टक्के
क्रमांक ८२ए, फिकट निळी : ७३ टक्के
क्रमांक २१, नारिंगी : ४६ टक्के
क्रमांक ८०ए, निळी : ३० टक्के
क्रमांक ५८, हिरवी : २४ टक्के
क्रमांक २५, तांबडी : १४ टक्के
क्रमांक ४७, जांभळी : ३ टक्के

लहान दुर्बिणीत गडद गाळणी बसवल्यास प्रतिमा इतकी मंद होते, की उठाव वाढूनही डोळ्याला काहीच दिसत नाही. म्हणून १०० मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या दुर्बिणीसाठी सर्वसाधारणपणे ८, ८२ए आणि २१ या गाळण्या योग्य समजल्या जातात. २५ आणि ५८ क्रमांकांसाठी सुमारे १५० मिलिमीटर, तर ४७ क्रमांकासाठी २०० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी दुर्बीण असावी.

ग्रहानुसार निवड

बुध आणि शुक्र : हे ग्रह बहुधा संधिप्रकाशात, क्षितिजाजवळ पाहावे लागतात. नारिंगी किंवा तांबडी गाळणी निळसर आकाश गडद करते, त्यामुळे ग्रहाच्या कला स्पष्ट होतात. शुक्राची झळाळी कमी करण्यासाठीही गाळणी उपयोगी पडते.

मंगळ : पृष्ठभागावरील गडद प्रदेशांसाठी नारिंगी किंवा तांबडी, तर ध्रुवीय टोप्या, ढग आणि बिंबाच्या कडेवरील धुके यांसाठी हिरवी व निळी गाळणी वापरतात.

गुरू : तपकिरी-तांबूस पट्टे आणि मोठा तांबडा डाग निळ्या गाळणीतून अधिक गडद होऊन उठून दिसतात. विषुववृत्ताजवळील निळसर-करड्या रेषा पाहण्यासाठी याउलट पिवळी किंवा नारिंगी गाळणी लागते.

शनी : त्याचा प्रकाश मंद असल्याने फिकट पिवळी गाळणी सोयीची ठरते. मोठ्या दुर्बिणीत हिरवी गाळणीही वापरता येते.

युरेनस आणि नेपच्यून : हे ग्रह अतिशय मंद असल्याने डोळ्यांनी पाहताना गाळणीचा विशेष उपयोग होत नाही.

छायाचित्रण

कॅमेरा अधिक काळ प्रकाश साठवू शकतो आणि डोळ्याला न दिसणाऱ्या तरंगलांबीही टिपतो. म्हणून छायाचित्रणात गाळणीचा वाव बराच मोठा आहे. कृष्णधवल कॅमेऱ्याने तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून स्वतंत्र चित्रफिती घेऊन त्यांतून एक रंगीत प्रतिमा तयार करतात. येथे वेळेचे बंधन असते. गुरू सुमारे ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या विषुववृत्तावरील खूण तीन मिनिटांत सुमारे सव्वादोन हजार किलोमीटर सरकते. गाळण्या बदलण्यात विलंब झाला, तर तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. प्रत्येक बदलानंतर प्रतिमा पुन्हा केंद्रित झाली आहे ना, हेही तपासावे लागते.

रंगीत कॅमेऱ्यापुढे अवरक्त प्रकाश अडवणारी गाळणी बसवतात, अन्यथा रंग बिघडतात. याउलट ६८५ नॅनोमीटरच्या पुढील प्रकाशच जाऊ देणारी गाळणी हवा अस्थिर असताना उपयोगी पडते. सुमारे ८८९ नॅनोमीटरची मिथेन गाळणी गुरू आणि शनी यांच्यासाठी वापरतात. या तरंगलांबीचा प्रकाश मिथेन वायू शोषून घेतो, त्यामुळे खोल थरांतील ढग काळे दिसतात आणि उंचावरचे उजळ दिसतात. मोठा तांबडा डाग अशा प्रतिमेत तेजस्वी दिसतो, यावरून त्याचे ढग उंचावर असल्याचे कळते. शुक्राच्या ढगांसाठी ३२० ते ४०० नॅनोमीटरची अतिनील गाळणी लागते. तिच्याऐवजी ४७ क्रमांकाची गाळणी अवरक्त-रोधक गाळणीसह वापरता येते. एकटी वापरल्यास तिच्यातून अवरक्त प्रकाश झिरपतो आणि प्रतिमा फसवी होते.

मर्यादा

डोळ्यांनी पाहताना गाळणीमुळे होणारा फरक सूक्ष्म असतो आणि तो ओळखण्यासाठी सराव लागतो. दुर्बिणीच्या आरशांची वा भिंगांची सदोष जुळणी, कमी प्रतीची नेत्रिका किंवा अस्थिर हवा यांवर गाळणी हा उपाय नाही. नवख्या निरीक्षकाने सुरुवातीलाच पूर्ण संच घेण्यापेक्षा एक-दोन फिकट गाळण्यांनी आरंभ करणे सोयीचे असते. निरीक्षणाची नोंद करताना गाळणीचा क्रमांक लिहावा, कारण त्याशिवाय दोन निरीक्षकांच्या चित्रांची तुलना करता येत नाही.

सूर्याबाबत धोका

ग्रहांसाठीची कोणतीही गाळणी, ती कितीही गडद असली तरी, सूर्य पाहण्यासाठी वापरू नये. या गाळण्या अवरक्त प्रकाश पुरेसा रोखत नाहीत, आणि दुर्बिणीने एकवटलेल्या सूर्यप्रकाशाने दृष्टी क्षणात कायमची जाऊ शकते. काही जुन्या दुर्बिणींसोबत नेत्रिकेला लावण्याची ‘सूर्यगाळणी’ मिळत असे. ती दुर्बिणीच्या केंद्राजवळ बसत असल्याने उष्णतेने तडकण्याचा धोका असतो. अशी गाळणी हाती आल्यास ती वापरू नये. सूर्यनिरीक्षणासाठी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारी, दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भागच आत सोडणारी खास गाळणी आवश्यक असते. दिवसा शुक्र किंवा बुध शोधतानाही सूर्य दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात येणार नाही, याची खात्री करावी लागते.