आधी दवाखाना की आधी संसद? ‘सेंट्रल व्हिस्टा’चा वाद नेमका काय होता

एप्रिल २०२१. दिल्लीत कोरोनाची दुसरी लाट शिगेला पोहोचली होती. रुग्णालयं ऑक्सिजनसाठी हायकोर्टाचं दार ठोठावत होती, स्मशानांबाहेर रांगा लागल्या होत्या. १९ एप्रिलच्या रात्रीपासून शहरात लॉकडाऊन लागला. पण इंडिया गेटजवळ राजपथाच्या दोन्ही बाजूंचं खोदकाम सुरूच होतं, कारण ते काम ‘अत्यावश्यक सेवे’त धरण्यात आलं होतं.

इथूनच सोशल मीडियावर एक प्रश्न पेटला: लोकांना श्वास मिळत नसताना सरकारी इमारती कशाला? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. दोन्ही बाजूंचे काही मुद्दे खरे आहेत, तर काही दिशाभूल करणारे.

प्रकल्प काय होता?

राष्ट्रपती भवन ते इंडिया गेट या पट्ट्याला ‘सेंट्रल व्हिस्टा’ म्हणतात. त्याच्या पुनर्विकासाची योजना केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये पुढे आणली. त्यात नवं संसद भवन, मंत्रालयांसाठी एकत्रित सचिवालय, पंतप्रधान आणि उपराष्ट्रपतींची निवासस्थानं आणि राजपथाचं नूतनीकरण यांचा समावेश होता. आराखड्याचं काम वास्तुविशारद बिमल पटेल यांच्या अहमदाबादच्या संस्थेला मिळालं. एकूण खर्चाचा अंदाज सुमारे २० हजार कोटी रुपये सांगितला गेला. त्यापैकी संसद भवनाचं कंत्राट ‘टाटा प्रोजेक्ट्स’ने सप्टेंबर २०२० मध्ये ८६१.९० कोटींना घेतलं.

सरकारची बाजू काय होती?

जुनं संसद भवन १९२७ साली सुरू झालं. तिथे खासदारांना बसायला जागा अपुरी पडत होती. पुढे मतदारसंघांची फेररचना होऊन खासदारांची संख्या वाढली, तर अडचण आणखी वाढणार होती. म्हणून नव्या लोकसभेत ८८८ आणि राज्यसभेत ३८४ आसनांची सोय झाली. शिवाय विखुरलेली मंत्रालयं एकत्र आली की भाड्यापोटी जाणारे वर्षाला सुमारे एक हजार कोटी वाचतील, असाही दावा होता.

दुसऱ्या लाटेतल्या टीकेला सरकारने दोन उत्तरं दिली. २० हजार कोटींचा खर्च एकदम नव्हे, तर अनेक वर्षांत होणार आहे, हे पहिलं. आणि २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात फक्त लसीकरणासाठी ३५ हजार कोटींची तरतूद आहे, हे दुसरं.

मग विरोध कशाला होता?

मे २०२० मध्येच ६० निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून या प्रकल्पावर आक्षेप घेतले होते. १२ मे २०२१ रोजी १२ विरोधी पक्षनेत्यांनी पत्र लिहून काम थांबवण्याची आणि तो पैसा ऑक्सिजन आणि लसींसाठी वापरण्याची मागणी केली. सह्या करणाऱ्यांत शरद पवार आणि उद्धव ठाकरे हेही होते.

पैसा असा वळवता येतो का?

सहज नाही. अर्थसंकल्पात प्रत्येक खात्याला ठरावीक कामासाठी पैसे मंजूर होतात. एका मंत्रालयाचा निधी दुसऱ्याला द्यायचा, तर पुरवणी मागण्यांद्वारे संसदेची मंजुरी लागते. शिवाय मे २०२१ मध्ये फक्त पैशाचीच अडचण नव्हती. १८ ते ४४ वयोगटाला मोफत लस देण्यासाठी महाराष्ट्र सरकार सुमारे ६,५०० कोटी खर्च करायला तयार होतं. तरी मेच्या दुसऱ्या आठवड्यात या गटाचं लसीकरण थांबवावं लागलं, कारण बाजारात डोसच नव्हते. म्हणजे तेव्हा इमारतीचं काम थांबलं असतं, तरी लगेच लशी मिळाल्या असत्या असं नाही.

पण ‘वळवता येतच नाही’ हेही खरं नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्राने खासदार निधी दोन वर्षांसाठी स्थगित केला आणि त्यातले ७,९०० कोटी संचित निधीकडे वळवले. खासदारांच्या पगारात ३० टक्के कपात केली, कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता गोठवला. मतदारसंघातला रस्ता, शाळेची खोली, रुग्णवाहिका यांचा निधी थांबू शकतो, मग राजधानीतल्या इमारतीचा का नाही? विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच होता.

कोर्टाने काय म्हटलं?

५ जानेवारी २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्पाला हिरवा कंदील दिला. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामावर खर्च करा, असं कायद्याचा आधार नसताना कोर्ट सरकारला सांगू शकत नाही, असा बहुमताचा सूर होता. हा निकाल पुण्यात जन्मलेले न्या. अजय खानविलकर यांनी लिहिला.

न्या. संजीव खन्ना यांनी वेगळं मत नोंदवलं. जमिनीचा वापर बदलण्याबाबत डिसेंबर २०१९ मध्ये सूचना निघाली, १,२९२ हरकती आल्या, फेब्रुवारीत दोन दिवसांत सुनावणी उरकली आणि २० मार्च २०२० ला अंतिम अधिसूचनाही निघाली. लोकांना पुरेशी माहितीच दिली नाही, तर त्यांनी मत कशावर द्यायचं, हा त्यांच्या मतामागचा प्रश्न होता.

लॉकडाऊनमध्ये काम थांबवा, ही याचिका दिल्ली हायकोर्टाने ३१ मे २०२१ रोजी फेटाळली. मजूर कामाच्या जागीच राहतात आणि प्रकल्प राष्ट्रीय महत्त्वाचा आहे, असं सांगत याचिकाकर्त्यांना एक लाखाचा दंडही केला.

राज्यांनी काय केलं?

त्याच मे महिन्यात मुंबईत मनोरा आमदार निवासाच्या पुनर्बांधणीची सुमारे ९०० कोटींची निविदा गाजली. दिल्लीत प्रकल्पाचं समर्थन करणारा भाजप इथे टीकाकार झाला, आणि दिल्लीत काम थांबवा म्हणणाऱ्या महाविकास आघाडीवर खुलासे देण्याची वेळ आली. छत्तीसगडमध्ये मात्र भूपेश बघेल सरकारने नवा रायपूरमधलं राजभवन, मुख्यमंत्री निवास आणि विधानसभेचं बांधकाम थांबवलं. काम थांबवणं शक्य असतं, हे त्यातून दिसलं.

पुढे काय झालं?

राजपथाचा ‘कर्तव्य पथ’ ८ सप्टेंबर २०२२ रोजी खुला झाला. नव्या संसद भवनाचं उद्घाटन २८ मे २०२३ रोजी झालं. इमारत उभी राहिल्याने वाद मागे पडला, पण मूळ प्रश्न सुटला नाही.

सरकारी इमारतीची गरज खरी असू शकते. गळक्या, धोकादायक कार्यालयात काम करा, असं कुणी म्हणणार नाही. मात्र पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्यात अशा इमारतीची घोषणा होईल, तेव्हा काही गोष्टी विचारता येतील. जुनी इमारत दुरुस्त का होत नाही? किती रक्कम कोणत्या वर्षी खर्च होणार? हे काम वर्षभर पुढे ढकललं तर काय बिघडेल? हरकती घ्यायला किती दिवस दिले? आणि संकटात कात्री लागली, तर ती आधी कशावर लागणार: प्राथमिक आरोग्य केंद्रावर की नव्या कार्यालयावर?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कोर्ट देत नाही. ते सभागृहात, हरकतींच्या सुनावणीत आणि मतदानातून मिळवावं लागतं.